तुरुंगाऐवजी निवासी उपचार (मनोरुग्ण आरोपींसाठी)

गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रौढ आरोपीला कोठडीत न ठेवता कोर्टाच्या संमतीने वस्तीतल्या एखाद्या घरात ठेवायचं, तिथे औषधपाणी, कोर्टाच्या तारखा, सरकारी कागदपत्रं सगळं मार्गी लावायचं आणि पुढे कायमची खोली मिळवून द्यायची, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत हे सगळं डायव्हर्जन (तुरुंगाकडून दुसरीकडे वळवणं) या नावाखाली येतं, पण तो शब्द फार ऐसपैस आहे, पोलिसाने रस्त्यावरूनच माणसाला दवाखान्यात पोचवलं तरी ते डायव्हर्जनच, म्हणून इथे फक्त राहायची सोय असलेल्या कार्यक्रमांपुरतं बोलतोय आणि तेही मुख्यतः अमेरिकेबद्दल.

याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. मागे जायचं तर मार्च १८४१ पर्यंत जाता येतं. डोरोथिया डिक्स नावाची शिक्षिका मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बायकांना रविवारी धर्मशिक्षण द्यायला गेली, तिथे गुन्हेगारांच्या शेजारी वेड्या ठरवलेल्या बायका बिनशेगडीच्या थंडगार कोठड्यांत ठेवल्या होत्या, आणि यांना थंडी कळतच नाही असं तिला सांगण्यात आलं. १८४३ मध्ये तिने राज्याच्या विधिमंडळाला मोठं निवेदन दिलं. पण तिने मागितली ती इस्पितळं, घरं नव्हेत, त्यामुळे तिला या पद्धतीची जनक म्हणणं ओढूनताणून होतं. प्रश्न मात्र तोच होता.

दुसरं मत जास्त प्रचलित आहे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साधारण ५ लाख ५९ हजार माणसं होती, नवी औषधं आली, इस्पितळांतल्या हालांबद्दल बोंब झाली, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. इस्पितळं रिकामी झाली, ठरलेल्या केंद्रांपैकी जेमतेम निम्मीच उभी राहिली, आणि जी राहिली त्यांत राहायची सोय फारशी नव्हतीच. १९७२ मध्ये मार्क अ‍ॅब्रॅमसन या कॅलिफोर्नियातल्या मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलं की रुग्णांना सक्तीने इस्पितळात दाखल करण्यावर बंधनं आल्यावर तीच माणसं आता पोलिसांमार्फत तुरुंगात पोचतायत. याला आधार म्हणून लायोनेल पेनरोज या ब्रिटिश संशोधकाचं १९३९ चं निरीक्षण हमखास दिलं जातं, १८ युरोपीय देशांचे आकडे मांडून त्याने दाखवलं होतं की मनोरुग्णालयांत माणसं कमी असतील तिथे तुरुंगात जास्त असतात, आणि उलटही.

हे ऐकायला इतकं चपखल आहे की लोक तिथेच थांबतात. पण स्टीव्हन राफेल आणि मायकल स्टोल या संशोधकांनी २०१३ मध्ये हिशोब मांडला तेव्हा १९८० ते २००० मधल्या तुरुंगवाढीतला फक्त ४ ते ७ टक्के वाटा इस्पितळं रिकामी होण्याचा निघाला. बाकीची वाढ शिक्षा लांबवणाऱ्या कायद्यांची आणि अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेची असं मानायला जागा आहे. मला हे मत जास्त पटतं, कारण इस्पितळं रिकामी झाली हेच एक कारण धरून बसलं तर उपाय एकच उरतो, जुनी इस्पितळं परत बांधा, आणि मग १९६३ मध्ये कबूल केलेली केंद्रं पुरती उभी राहिलीच नाहीत ही गोष्ट बाजूला पडते.

आता खाटांचा मुद्दा, जो बाहेरून क्षुल्लक वाटतो. १९६५ पासून मेडिकेड ही गरिबांची सरकारी आरोग्य योजना प्रौढ रुग्णांच्या मनोरुग्णालयातल्या मुक्कामाचे पैसे सहसा देत नाही, हेतू हा की राज्यांनी आपला जुना खर्च केंद्राच्या गळ्यात मारू नये. १९८८ च्या दुरुस्तीत १६ किंवा कमी खाटांच्या जागांना यातून सूट मिळाली. म्हणून अमेरिकेत अशी बरीच केंद्रं नेमकी १६ खाटांची दिसतात, १७ वी खाट टाकली की पैसे बंद व्हायची भीती, आणि मोठी सोय हवी असेल तर एकाच आवारात सोळा-सोळाची वेगळी घरं. घर लहान असावं हे उपचारांच्या दृष्टीनेही बरोबरच, पण आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही एवढं ध्यानात ठेवावं.

सगळ्यात मोठा प्रयोग लॉस एंजेलिस काउंटीचा. तिथल्या तुरुंगाला देशातलं सगळ्यात मोठं मनोरुग्णालय म्हणायची पद्धतच पडली होती. २०१५ मध्ये काउंटीने डायव्हर्जन आणि पुनर्प्रवेशाचं (तुरुंगातून परत समाजात येण्याचं) वेगळं ऑफिस काढलं आणि २०१६ पासून घरांचा कार्यक्रम सुरू केला. आरोपी तुरुंगात असतानाच तपासणी होते, वकील आणि न्यायाधीश राजी झाले की त्याला सोडतात, पण रात्री-अपरात्री फाटकाबाहेर एकटं सोडत नाहीत, केस मॅनेजर येऊन त्याला ताब्यात घेतो आणि थेट घरी नेतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण हातात कपड्यांची पिशवी, औषधं संपलेली, जायला ठिकाण नाही, अशा माणसाला परत आत यायला वेळ लागत नाही. घर साधारण असं असतं: दाराला कुलूप नसतं, औषधं एका कपाटात, सकाळी माणूस स्वतःच्या हाताने गोळी काढून घेतो आणि स्टाफ बघून वहीवर टिपतो, स्वयंपाक आणि भांडी पाळीपाळीने. न सांगता निघून गेलं तर कोर्टाला कळवतात. पुढे भाड्याला सरकारी मदत असलेली स्वतःची खोली, स्वतःची किल्ली.

रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१९ मध्ये या कार्यक्रमातल्या ३११ जणांचा अभ्यास दिला, १२ महिन्यांनी ७४ टक्के लोक स्थिर घरात होते आणि ८६ टक्के लोकांवर नवा मोठा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून आकडे जपून वापरावेत. २०२० च्या पुढच्या अभ्यासात तुरुंगातल्या मनोरुग्णांपैकी अंदाजे ६१ टक्के अशा सोयीला योग्य ठरले. म्हणजे खोळंबा माणसांमुळे नाही, जागांमुळे आहे.

मायामीत न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांनी २००० मध्ये सुरू केलेला प्रकल्पही प्रसिद्ध आहे, त्यात पोलिसांच्या प्रशिक्षणावरही भर आहे. ग्रामीण भागातल्या अशा घरांची माहिती तुटपुंजीच मिळते.

आपल्याकडे हा विषय आला की मराठी माणसाला येरवडा आठवतो, तिथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही, ठाण्याचंही तसंच, दोन्ही एकाच गावात. गुन्हाच न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सांगितलं, प्रकरण पश्चिम बंगालमधलं होतं. तरी आसाममधला एक माणूस, १९५१ मध्ये पकडलेला, १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरा ठरवलेला, २००५ पर्यंत आतच होता, शेवटी १ रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात केवळ घर नाही म्हणून कुणाला इस्पितळात ठेवू नये असं आहे आणि हाफवे होमची, म्हणजे इस्पितळ आणि स्वतःचं घर यांच्यामधल्या निवासाची, जबाबदारी सरकारवर आहे. फौजदारी प्रक्रियेत तर आधीपासूनच वाट होती, २००८ च्या दुरुस्तीने कलम ३३० मध्ये खटला चालवायला असमर्थ आरोपीला नातेवाईक किंवा मित्राने उपचारांची हमी दिली तर सोडता येतं, आणि सोडता येत नसेल तर निवासी सुविधेत हलवता येतं असं घातलं, हीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात कलम ३६९ म्हणून आली आहे. हमी द्यायला ज्याच्या मागे कुणी नाही, त्याला या कलमाखाली मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवायचं असतं, आणि सोडता येत नसेल तर त्या निवासी सुविधेचं दार उरतं.