सानुग्रह मदत आणि मावेजा: देवळाच्या कामावर माणूस गेला की

बालाघाटाच्या डोंगररांगेतलं एक गाव. वर्गणीतून देऊळ उभं राहत होतं. सभामंडपाचा स्लॅब टाकताना त्याला खालून आधार देणारं सेंट्रिंग खचलं आणि खाली ठेपे बघायला गेलेला तीस वर्षांचा कामगार त्याखाली सापडला. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा पारावरची माणसं खालच्या आवाजात एकच बोलत होती, "देवाच्या दारात मरण आलं, सोनं झालं." दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर तोच पार, तीच माणसं, बोलणं मात्र दुसरं, "पाच लाखाचा चेक आला म्हणे. मावेजा मिळाला की हो तिला."

त्या कामगाराच्या बायकोला मावेजा मिळालेला नव्हता. मिळाली होती ती सानुग्रह मदत. मी लातूरला कामगारांच्या दाव्यांची कागदपत्रं तयार करून देतो, आणि या दोन शब्दांची सरमिसळ जितक्या घरांचं नुकसान करते तितकं दुसऱ्या कशाने झालेलं मी पाहिलेलं नाही. चेक आला की गाव समजतं, विषय मिटला. घरचेही तेच समजतात. मग खरा हक्काचा पैसा कुणी मागतच नाही.

शब्दांपासूनच सुरू करतो. इतर महाराष्ट्र नुकसानभरपाई म्हणतो, आपण मराठवाड्यात मावेजा म्हणतो. तळ्यात जमीन गेली, हायवेत शेत गेलं, की पहिला प्रश्न मावेज्याचा. निजामाच्या कारभारातून राहिलेला हा शब्द मूळ अरबी. 'इवज' म्हणजे बदला, मोबदला. आपण रोज म्हणतो तो 'ऐवजी' याच मुळातला. गेलेल्या वस्तूच्या ऐवजी द्यायचं ते मावेजा. देणारा देणेकरी असतो आणि घेणारा त्याच्याकडून येणं वसूल करत असतो.

सानुग्रह म्हणजे अनुग्रहासहित. अनुग्रह गुरूचा होतो, देवाचा होतो. तो मागता येतो, त्यासाठी पदर पसरता येतो, पण झाला नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांतून जाहीर होणारे पैसे या जातीचे. किती द्यायचे, कुणाला द्यायचे, द्यायचे की नाही, हे देणारा ठरवतो. एका अपघातात दोन लाख, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात पंचवीस. आकडा का बदलला, याचं उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. पैसे वाईट नाहीत. दुःखाच्या पहिल्या महिन्यात किराणा त्यातूनच येतो, आणि ज्यांनी धावपळ करून ते मिळवून दिले त्यांचे उपकार मी कमी लेखणार नाही.

मावेज्याला मात्र सूत्र आहे, आणि ते छापलेलं आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने कामावर मेलेल्या कामगाराच्या महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायचं. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, सूत्र तेच राहिलं. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. महिन्याला बारा हजार पडत असतील तर सहा हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. पारावर ज्या पाच लाखांवर विषय संपला होता, त्याच्या अडीचपट. आणि हे त्या पाच लाखांत वळते करायचे नाहीत, ते वेगळे.

ही रक्कम द्यायची कुणी? ज्याने कामावर लावलं त्याने, म्हणजे गुत्तेदाराने, ठेकेदाराने. मोठ्या गुत्तेदाराने सेंट्रिंगचं काम लहान गुत्तेदाराला दिलेलं असलं, तर दावा मोठ्यावरही लावता येतो. त्याने आधी द्यावेत आणि मग लहान्याकडून वसूल करावेत. मंदिर समितीचं काय, हा प्रश्न अवघड आहे. कायद्यात मूळ काम देणाऱ्याची जबाबदारी त्याच्या धंद्यासाठी दिलेल्या कामाला जोडलेली आहे, आणि देऊळ बांधणं हा समितीचा धंदा आहे का, यावर वाद घालता येतो. म्हणून मी समितीलाही दाव्यात सामील करतो, पण भिस्त गुत्तेदारावर ठेवतो.

चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. अपघात कामावर झाला, कामामुळे झाला, एवढं पुरतं. माणूस मेला असेल तर हेल्मेट नव्हतं, सांगितलेलं ऐकलं नाही, असली कारणंही मालकाला सोडवत नाहीत. म्हणूनच "दैव होतं, त्याला कोण काय करणार" या वाक्याचा मावेज्याशी काडीचा संबंध नाही. दैव असलं तरी मावेजा द्यावाच लागतो. गावात मात्र हेच वाक्य दाव्याच्या आड येतं, कारण ते बोलताना गुत्तेदार शेजारी मान खाली घालून उभा असतो आणि देवाच्या कामात कोर्टकचेरी नको, असं सगळ्यांनाच वाटत असतं.

दैवाबद्दल एक सांगून पुढे जातो. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब टाकला की ओल्या काँक्रीटचं वजन जवळपास २८ टन होतं, वर माणसं, लोखंड, मिक्सरचा माल वेगळाच. घराचा स्लॅब दहा फुटांवर असतो. सभामंडप उंच हवा म्हणून तो पंधरा-अठरा फुटांवर जातो. तेवढ्या उंचीची बल्ली, म्हणजे आधाराचा लाकडी खांब, मिळत नाही, म्हणून बल्लीला बल्ली जोडतात, जोडावर तार गुंडाळतात आणि खाली नुकत्याच भरलेल्या मातीवर फळीचा तुकडा टाकून उभी करतात. त्या गावात मी पडलेल्या बल्ल्या पाहिल्या. बहुतेक जोडावरच मोडलेल्या होत्या. आडवे-तिडवे बांध जवळपास नव्हतेच. कामगार भरपाईच्या कायद्याने बारा फूट वा त्याहून उंच इमारतीचं बांधकाम पूर्वीपासून भरपाई लागू असलेल्या कामांच्या यादीत घातलं आहे. आपली देवळं त्या यादीत सहज बसतात.

देवाच्या दारातलं मरण भाग्याचं, ही भावना एका धर्माची नाही. ११ सप्टेंबर २०१५ ला मक्केत मस्जिद-ए-हरामच्या विस्ताराच्या कामावरची मोठी क्रेन वादळी पावसात कोसळली. १११ माणसं गेली, ३९४ जखमी झाली. हजचा मोसम होता, भारतातले यात्रेकरूही त्यात होते. हरममध्ये, जुम्म्याच्या दिवशी आलेली मौत नशिबाची, असं तेव्हा आपल्याकडच्या मोहल्ल्यांतही लोक एकमेकांना सांगत होते. ते सांत्वन होतं आणि खरं होतं. सौदीच्या चौकशीत मात्र निघालं की क्रेन उत्पादकाच्या सूचनेविरुद्ध उभी केली होती आणि वादळाच्या आधी तिचा लांब दांडा खाली घेतलेला नव्हता.

तिथे जे झालं ते आपल्या विषयाला फार जवळचं आहे. राजाने मृतांच्या कुटुंबांना आणि कायमचं अपंगत्व आलेल्यांना दहा लाख रियाल जाहीर केले. हे सानुग्रहच. पण त्याच आदेशात लिहिलं होतं की हे पैसे घेतल्याने कुणाचा कोर्टात आपला हक्क मागण्याचा मार्ग बंद होत नाही. म्हणजे देणाऱ्यानेच दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या. पुढे २०१७ मध्ये मक्केच्या न्यायालयाने अपघात वादळामुळे झाला असं म्हणत बांधकाम करणाऱ्या बिन लादेन समूहाला दियत, म्हणजे जिवाच्या बदल्याची रक्कम, द्यायला लावली नाही. प्रकरण पुन्हा चाललं आणि २०२३ मध्ये समूहाला दोन कोटी रियालचा दंड झाला. राजाचा अनुग्रह काही दिवसांत जाहीर झाला. दंडाचा निकाल यायला अपघातापासून सात वर्षांहून जास्त लागली. हा फरक इथेही तसाच आहे आणि लोक पहिल्यावर थांबतात, त्याचं एक कारण हेच.

आपल्या देशातलं अलीकडचं उदाहरण विशाखापट्टणमजवळच्या सिंहाचलमचं. ३० एप्रिल २०२५ च्या पहाटे, चंदनोत्सवाच्या रांगेवर नव्यानेच बांधलेली भिंत पावसात कोसळली, सात भाविक गेले. आंध्र सरकारने प्रत्येक कुटुंबाला पंचवीस लाख जाहीर केले. तिथे गेलेले लोक भाविक होते, कामगार नव्हते, म्हणून वर सांगितलेलं सूत्र त्यांना लागत नाही. भाविकाच्या घरच्यांना मावेजा हवा असेल तर दिवाणी न्यायालयात हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. १८५५ चा जुना प्राणघातक अपघात कायदा त्यासाठीच आहे. तुळजापूर, औंढा, परळी, माहूर अशा ठिकाणी बांधकाम चालू असताना दर्शनाची रांगही चालू राहते. तिथे एकाच भिंतीखाली कामगार आणि भाविक दोघे सापडले, तर दोघांच्या घरच्यांचे रस्ते वेगळे असतील, हे आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरा माणूस मात्र दोन्हींत बसत नाही, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. गावाकडे स्लॅबच्या दिवशी अर्धं गाव श्रमदानाला येतं. घमेली पुढे सरकवायची, हरिनाम चालू, दुपारी पंगत. त्यातला एखादा गेला तर तो कुणाचाच कामगार नसतो. मजुरी नाही, म्हणून सूत्रात धरायला आकडाच नाही. त्याच्या घरी सानुग्रह येईल तेवढाच, नाहीतर वर्षानुवर्षं चालणारा दिवाणी दावा. श्रमदान थांबवा असं मी म्हणणार नाही. माझ्या आईने गावच्या मारुतीसाठी डोक्यावरून वाळू वाहिली आहे. पण स्लॅब चालू असताना सेंट्रिंगखाली आणि स्लॅबच्या कडेला श्रमदानातलं कुणी असू नये, तिथे पगारी आणि जाणकार माणसंच असावीत, आणि समितीने त्या दिवसाचा विमा काढावा.

आणखी एक गोंधळ होतो तो कामगार मंडळाच्या पैशाचा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख मिळतात. ते योजनेचे पैसे. नोंदणी जिवंत असली पाहिजे, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. हे मिळाले म्हणून मावेजा कमी होत नाही आणि मावेजा मिळाला म्हणून हे थांबत नाहीत.

आता स्टँप पेपर. अंत्यसंस्कार उरकले की गुत्तेदाराची माणसं लाख-दोन लाख रोख घेऊन येतात आणि कागदावर अंगठा घेतात: 'आम्हाला नुकसानभरपाई मिळाली, यापुढे आमची कसलीही तक्रार नाही.' त्या कागदाला मावेज्याच्या बाबतीत किंमत नाही. कायदा स्वच्छ सांगतो की मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम असे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची, घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तीन महिन्यांच्या मजुरीएवढी उचल दिली असेल, तेवढीच वळती होते. हक्क सोडून देतो असा करार केला तरी तो रद्दबातल. महिन्याच्या आत रक्कम जमा केली नाही तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत जादा. अंगठा उठवलेल्या किती जणी "आता माझ्याकडं काय राहिलं" म्हणून घरी बसल्या असतील, हे मनात आलं की जेवण जात नाही.

आणि आपला लोकांचा राग. तो खरा असतो. रास्ता रोको होतो, तहसीलवर मोर्चा जातो, निवेदनं दिली जातात. ती निवेदनं मी वाचतो. 'मृताच्या कुटुंबास पंचवीस लाखांची मदत तात्काळ जाहीर करावी.' सगळी ताकद अनुग्रह मागण्यात खर्च होते. गुत्तेदाराने अपघाताची लेखी खबर दिली का, आयुक्तांकडे रक्कम जमा केली का, पोलिसांनी नुसती अकस्मात मृत्यूची नोंद करून थांबवलं की हलगर्जीपणाचा गुन्हा लावला, हे एका निवेदनात नसतं. मदत जाहीर झाली की फटाके नाहीत, पण आंदोलन मागे घेतल्याचा फोटो छापून येतो, आणि गुत्तेदार पुढच्या गावच्या देवळाचा स्लॅब घेतो.

त्या घरी मी बऱ्याच महिन्यांनी पुन्हा गेलो ते कागद बघायला. चेकवर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊ, समद्यांनी सांगितलं मावेजा आला, आता कोर्टात गेलं तर लोक म्हणतील देवाच्या कामाचा पैका खाल्ला." मी म्हणालो, "ताई, तो देवाचा पैसा नाही, गुत्तेदाराचं देणं आहे. तुमच्या मालकाची मजुरी तो जशी देत होता, तसंच हे." सासरे दारात बसले होते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "सून माहेरी गेली ऊसतोडीला, तर तारखेला कुठनं येणार?" दावा ती राहते तिथल्या हद्दीतही लावता येतो, हे सांगितल्यावर ते उठून आत गेले.

अडचण होती मजुरीच्या पुराव्याची. गुत्तेदार म्हणत होता, हा आमचा माणूसच नाही, त्या दिवशी सेवेला आला होता. मग सासऱ्यांनी आतून एक पिशवी आणली. अपघाताच्या दिवशी दवाखान्यातून कपड्यांसोबत दिलेली, तेव्हापासून कुणी न उघडलेली. शर्टच्या खिशात हाताएवढी डायरी होती, कडा सिमेंटने चिकटलेल्या. तारीख, गावाचं नाव, पूर्ण हजेरी की अर्धी, उचल किती. शेवटची ओळ आदल्या दिवसाची, खाली मुकादमाची सही.

तेव्हाच्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. एक वर्ष आणि सात महिने झाले होते. ती डायरी मी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आणि पुढच्या सोमवारी दावा दाखल केला.