ऑर्डर घेण्याआधी एकदा हे वाचा (आमच्या कलाकार ग्राहकांसाठी)

आमच्याकडे प्रिंट काढायला आणि फ्रेम करायला येणारे बरेचसे लोक स्वतःच कलाकार आहेत. कोणी पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून नुकतंच बाहेर पडलेलं, कोणी नोकरी सांभाळून रविवारी पोर्ट्रेट करणारं, कोणी भीमथडी जत्रेत स्टॉल लावणारं. फ्रेमची पट्टी (मोल्डिंग) निवडता निवडता काउंटरवर तेच तेच प्रश्न निघतात, म्हणून हे पान छापून ठेवलंय. आम्ही वकील नाही, सीएपण नाही, त्यामुळे मोठा व्यवहार असेल तर जाणकाराला दाखवाच.

कॉपीराइट कोणाचा?

चित्र पूर्ण झालं की कॉपीराइट आपोआप तयार होतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. केलंत तर भांडणात पुरावा म्हणून कामाला येतं, चित्रासाठी सरकारी फी ५०० रुपये, आणि तेच चित्र लेबल वगैरे म्हणून मालावर वापरायचं असेल तर २०००. मुदत तुमची हयात अधिक ६० वर्षं. ओरिजिनल कॅनव्हास विकला म्हणजे कॉपीराइटपण गेला असं होत नाही, घेणाऱ्याने भिंतीवर लावावं, कॅलेंडर छापू नये.

पण ऑर्डरच्या कामात गोष्ट उलटी होते आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग, पोर्ट्रेट, फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळं काही ठरलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे कुणाच्या आजोबांचं पोर्ट्रेट तुम्ही केलंत, छान झालं, आणि त्याच्या प्रिंट काढून विकाव्या असं मनात आलं तर हक्क तुमच्याकडे नाही! उपाय दोन ओळींचा आहे: ऑर्डर घेतानाच लिहून घ्या की कॉपीराइट कलाकाराकडे राहील, ग्राहकाला अमुक वापराची परवानगी. लोगो, इलस्ट्रेशन असलं काम या कलमात बसतं का यावर वकील वाद घालतील, तुम्ही सरळ लिहून मोकळे व्हा. नोकरीत असताना ऑफिसचं काम म्हणून केलेलं मात्र साधारणपणे कंपनीचंच.

हक्क विकायचेच असतील तर ते तोंडी होत नाही, लेखी आणि सहीनिशी लागतं. समजा दिवाळी अंकाचं कव्हर केलंत आणि कागदावर नुसतं 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढंच आहे, तर मुदत लिहिली नसल्यामुळे ते ५ वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसल्यामुळे फक्त भारतापुरतं. हे कलाकाराच्या फायद्याचं आहे, पण त्या भरवशावर राहू नका, कव्हर म्हणजे कव्हर, मगवर आणि टीशर्टवर छापायचं असेल तर वेगळे पैसे, हे आधीच बोला. आपल्याकडे पैशाचं बोलायला संकोच वाटतो आणि नंतर वर्षभर मनात कुढत बसतो.

हक्क विकल्यावरही एक गोष्ट तुमच्याकडे राहते, ती म्हणजे कामाला स्वतःचं नाव असणं आणि कामाची मोडतोड होऊ न देणं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्यूरल (भिंतीवरचं मोठं शिल्प) सरकारने काढून गोदामात टाकलं होतं, २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते त्यांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख भरपाई.

पॉटरी, ब्लॉक प्रिंट, दागिने करणाऱ्यांनी हे नीट वाचा. डिझाइन कायद्याखाली रजिस्टर होण्यासारखं डिझाइन तुम्ही रजिस्टर न करता औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. त्यामुळे जे डिझाइन जोरात चालेल असं वाटतंय ते बाजारात आणण्याआधीच रजिस्टर करा, आधी दाखवलंत की नवेपणा गेला आणि मग रजिस्टर होणं अवघड.

पैसे आणि कागद

व्हॉट्सॲपवर ठरलेला व्यवहारसुद्धा करार ठरू शकतो, म्हणून चॅट डिलीट करू नका. तरी मोठ्या कामाला सही केलेला कागद बरा, महाराष्ट्रात साध्या कराराला आता ५०० चा स्टॅम्प लागतो. ॲडव्हान्स किती, किती वेळा बदल फुकट, काम मध्येच रद्द झालं तर काय, एवढं लिहा. गणपतीच्या देखाव्याची कामं घेणाऱ्यांनी तर जास्तच, विसर्जनानंतर कार्यकर्ते सापडत नाहीत हे आम्ही काय सांगायचं. थकलेल्या पैशांच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते.

उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्याचा खरा उपयोग कंपनीने बिल अडकवलं तर होतो: लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण बिल अडकल्यावर पळापळ करण्यापेक्षा काम घेण्याआधीच करून ठेवा.

जीएसटी: फक्त माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा गरज नाही, ऑर्डरचं काम (कमिशन), वर्कशॉप वगैरे सर्व्हिस असेल तर २० लाख. माल महाराष्ट्राबाहेर पाठवणार असाल तर नियम वेगळे, सरकारने यादीत जाहीर केलेल्या हस्तकलेला तिथे सवलत आहे, हे सीएला विचारा. शॉप ॲक्टला (दुकान-आस्थापना कायदा) कामगार थोडेच असतील तर नुसती ऑनलाइन माहिती द्यायची असते, आणि करंट अकाउंटला बँक बहुतेक वेळा तोच कागद मागते. ब्रँडचं नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्क, एका व्यक्तीला ऑनलाइन एका क्लासमागे (मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गामागे) ४५०० फी, १० वर्षं चालतो. इंस्टाग्रामवर नाव मिळालं म्हणजे ते कायद्याने तुमचं झालं असं नाही.

आमच्या काउंटरवर

प्रिंटला फाईल दिलीत की चित्र कोणाचं हे आम्ही विचारतो, राग मानू नका. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं खुशाल छापा (फोटो किंवा स्कॅन कुठून घेतलाय तेवढं सांगा). चित्रकार एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांचा कॉपीराइट २०७१ संपेपर्यंत आहे, ते आम्ही छापणार नाही. पिंटरेस्टवरून उतरवलेलंही नाही, घरी लावायला पाहिजे म्हणालात तरी.

तुमच्या स्वतःच्या लिमिटेड एडिशनसाठी (ठरावीकच प्रती काढायच्या असतील तर) किती प्रती काढल्या ते बिलावर लिहून देतो. ऑर्डर घेतानाच्या दोन ओळींचा साधा मराठी नमुना काउंटरवर ठेवलाय, एक प्रत घेऊन जा, पैसे नाहीत.