पार्श्वभूमी : रँचवरचे घोडे आणि पेस्टलचा जुना वाद

पेस्टल म्हटले की आपल्याला शाळेतली ऑइल पेस्टलची पेटी आठवते. अमेरिकेच्या पश्चिम भागात रँचवरचे (गुरे पाळण्याच्या मोठ्या जागेवरचे) घोडे आणि वासरांना डाग देणारे गुराखी रंगवणाऱ्यांचे पेस्टल ते नव्हे. तेलकट कांड्या १९२०च्या दशकात जपानमध्ये शाळकरी मुलांसाठी निघाल्या. इथले पेस्टल मऊ आणि कोरडे असते : रंगद्रव्याची पूड आणि कांडी जेमतेम एकसंध राहील एवढाच डिंक. बोट लागले तरी पुसते. फिक्या छटांना आपण ‘पेस्टल कलर’ म्हणतो, त्यावरूनही फसू नये. यातला गडद निळा तैलरंगाला हार जात नाही.

युरोपात अठराव्या शतकात ते व्यक्तिचित्रांसाठी लोकप्रिय होते. घोड्यांच्या बाबतीत खरी उलथापालथ १८७८ची. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली गेली. चौखूर उधळलेला घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणतो, असे चित्रकार पिढ्यानपिढ्या दाखवत आले होते. प्रत्यक्षात चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झाल्यावर. पॅरिसमध्ये शर्यतीचे घोडे पेस्टलमध्ये रंगवणाऱ्या एका मोठ्या चित्रकारानेही ही छायाचित्रे अभ्यासली.

त्याच सुमारास मोकळ्या कुरणांचा काळ संपत होता. १८७४च्या पेटंटनंतर काटेरी तार पसरली आणि १८८६-८७च्या हिवाळ्याने उत्तरेकडच्या मैदानांत गुरांचे कळप मारून टाकले. म्हणजे ‘काउबॉय चित्रकला’ भरात आली तेव्हा तिचा विषय मागे पडू लागला होता. ती रंगली मात्र तैलरंगात, जलरंगात आणि ब्राँझमध्ये. १९६५ला ॲरिझोनातल्या सेडोनात या चित्रकारांची संघटना झाली, तेव्हाही मान तैलरंग आणि ब्राँझचाच.

पेस्टल मागे राहिले ते एका शब्दापायी. हे पेंटिंग की ड्रॉइंग? काम कागदावर, हातात कुंचला नाही, म्हणून बऱ्याच संग्रहालयांत पेस्टलची चित्रे रेखाचित्रांच्या विभागात ठेवतात. पेस्टलवाल्यांची कसोटी वेगळी : पृष्ठभाग रंगाने पूर्ण झाकला तर ते पेंटिंग, कागद मोकळा दिसत राहिला तर रेखाटन. कसोटी सोयीची आहे, हे मान्य; पण विरुद्ध बाजूची त्याहून तकलादू. कागदावरच्या जलरंगाला कोणी सहसा ड्रॉइंग म्हणत नाही. प्रश्न नुसत्या नावाचा असता तर सोडून देता आला असता. पण ड्रॉइंगच्या रांगेत बसले की किंमत उतरते.

न्यूयॉर्कमध्ये पेस्टलकारांनी १८८४ला स्वतंत्र प्रदर्शन भरवले, १८९०पर्यंत तो गट विरलाही. पुन्हा राष्ट्रीय पातळीवर संस्था उभी राहायला १९७२ उजाडले. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे मात्र पेस्टलची. खरखरीत लेप दिलेले कागद आले, त्यांवर एकावर एक थर चढू लागले आणि कागद पूर्ण झाकणे सोपे झाले. घोड्याच्या अंगाला हे माध्यम जुळतेच : कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्याच्या खांद्यावरची चमक एका कांडीच्या फटकाऱ्यात येते, खुरांमागची धूळ तळव्याने पसरवता येते आणि रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही.

काच मात्र सुटलेली नाही. पूड धरून ठेवणारा फवारा, म्हणजे फिक्सेटिव्ह, जास्त मारले की रंग काळवंडतात, म्हणून पेस्टल काचेआडच लावावे लागते. आणि भिंतीवर काच दिसली की पाहणारा अजूनही त्याला ड्रॉइंगच समजतो.