चांगली गिटारच स्टेजवर जास्त का घुमते?

‘तुझी गिटार स्वस्तातली आहे म्हणून घुमते, भारी घे, त्रास संपेल.’ गॅदरिंगच्या तालमींत गिटारचा आवाज स्पीकरमधून आपोआप हुंकारत चढू लागला, म्हणजेच फीडबॅक आला, की हा सल्ला हमखास ऐकू येतो. मुलं तो मनावर घेतात, पैसे साठवून सॉलिड स्प्रूसच्या टॉपची (अखंड स्प्रूस लाकडाची पुढची फळी असलेली) अकूस्टिक गिटार आणतात आणि ती जुन्या प्लायवुडच्या गिटारपेक्षा जास्त घुमते. साउंडवाला बेस उतरवतो, घुमणं थांबलं नाही की आणखी उतरवतो, आणि शेवटी त्या सुंदर वाद्याचा आवाज इतका पातळ होतो की घेतलेले पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते समजलं की उपायही आपोआप कळतात. चांगल्या गिटारची पुढची फळी हलकी आणि संवेदनशील असते. तारेच्या इवल्याशा कंपाला ती भरभरून साथ देते, म्हणून आवाज गोड येतो. पण फळीला तार आणि मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) यांच्यातला फरक कळत नाही. समोरच्या स्पीकरमधून आलेल्या हवेच्या कंपांनाही ती तितकीच साथ देते.

तिथून आवाजाचा फेरा सुरू होतो. पिकअप, म्हणजे गिटारमध्ये बसवलेलं कंप पकडणारं उपकरण, कंप टिपतो, अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो, मॉनिटर तो हवेत सोडतो, हवा फळी हलवते, पिकअप ते हलणं पुन्हा टिपतो. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला, म्हणजे फीडबॅकला, लार्सन परिणाम म्हणतात. एका फेऱ्यात मूळ आवाजाचा कितवा भाग परत येतो, यावर सगळं अवलंबून असतं. निम्मा भाग परत आला तर १ + ०.५ + ०.२५ + … ही भूमिती श्रेढी २ वर थांबते. ०.९ भाग परत आला तर बेरीज १० होते, ०.९९ ला १००. म्हणजे गिटार अजून घुमत नसते, तरी एखादाच सूर बाकीच्यांच्या कितीतरी पट फुगलेला असतो. साउंडचेकच्या वेळी एक विशिष्ट सूर जरा जास्तच रेंगाळतोय असं वाटलं, तर तो ‘१’च्या जवळ पोचला आहे असं समजावं.

१ ओलांडला की बेरीज कुठेच थांबत नाही. गायकाचा माईक मॉनिटरपासून १.७ मीटरवर असेल तर ध्वनीला एवढं अंतर कापायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २०० फेरे. प्रत्येक फेऱ्यात आवाज १.१ पट झाला तर अर्ध्या सेकंदात तो तेरा हजार पटींहून जास्त होतो. पुढे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपते म्हणूनच तो थांबतो. माईकची शिट्टी अचानक कानात घुसते ती यामुळे. गिटारचा घुमारा मात्र सावकाश चढतो, कारण लाकूड आणि आतली हवा पुरेशी हलायला वेळ घेतात. वादकाला तारांवर तळहात ठेवण्याइतकी सवड बहुतेक वेळा मिळते.

हा घुमारा कोणत्या सुरात येणार, हे गिटारची पेटी ठरवते. साउंडहोलमधली (पुढच्या फळीवरच्या गोल भोकातली) हवा म्हणजे एक वजन, आणि पेटीत कोंडलेली हवा म्हणजे त्याची स्प्रिंग. हे वजन स्प्रिंगवर वरखाली होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर हेच घडतं. एका ठराविक सुराला असं जोरात हलून साथ देणं म्हणजे रेझोनन्स. जर्मन शास्त्रज्ञ हरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या रेझोनन्सचा सखोल अभ्यास केला. मोठ्या पेटीच्या ड्रेडनॉट गिटारमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. पुढच्या फळीचा स्वतःचा मुख्य रेझोनन्स त्याच्या वर, २०० हर्ट्झच्या आसपास.

हे घरी करून बघता येतं. गिटार पोटाशी धरा, तारा हाताने दाबून गप्प करा, साउंडहोलजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात ‘ऊ’ गुणगुणत सूर सावकाश वर चढवा. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ‘जी’ (G) हा जो सूर वाजतो, साधारण ९८ हर्ट्झचा, त्याच्या आसपास मागची फळी पोटाला थरथरताना जाणवेल. आता साउंडहोल पुठ्ठ्याने झाकून तोच सूर लावा. थरथर जवळजवळ गेलेली असेल. वाद्यांच्या दुकानात साउंडहोलमध्ये बसवायची रबराची चकती मिळते, तिचं काम एवढंच. पिकअप बहुधा सॅडलखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, असल्यामुळे चकतीने स्पीकरमधल्या आवाजाचं फारसं नुकसान होत नाही.

आता फेजकडे, म्हणजे दोन कंपांचा ताल जुळतो की नाही याकडे, वळू. परत आलेला कंप मूळ कंपाच्या तालात आला तरच वाढ होते, उलटा आला तर दोघे एकमेकांना मारतात. १०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणून ताल उलटवायला वादकाला अर्धी तरंगलांबी, म्हणजे १.७ मीटर सरकावं लागेल. प्रीअ‍ॅम्पवरचं (पिकअपचा क्षीण आवाज आधी वाढवणाऱ्या उपकरणावरचं) फेजचं बटण हेच काम जागच्या जागी करतं. त्याची बरोबर किंवा चूक अशी बाजू नसते, त्या स्टेजवर ज्या बाजूला घुमणं कमी ती बरोबर. पण पेटीचा रेझोनन्स ओलांडताना तिच्या हालचालीची फेजही जवळजवळ १८० अंशांनी फिरते, आणि १०० व २०० हर्ट्झचे दोन्ही रेझोनन्स एकाच बटणाने शांत होतीलच असं नाही. बटण दाबून खालचा घुमारा गेला आणि वरचा सुरू झाला, तर दोष बटणाचा नाही. ३००० हर्ट्झच्या शिट्टीला तर तरंगलांबीच ११ सेंटिमीटर. तिथे वादक जरा वळला तरी फेज बदलते.

मिक्सरला बांधलेली लिंबू-मिरची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल यांनी यात काहीही फरक पडत नाही. परतीचा फेरा हवेतून येतो, वायरमधून नाही.

माझा खरा आग्रह अरुंद कटचा आहे. पॅरामेट्रिक ईक्यूचा (हवा तो सुरांचा पट्टा निवडून वाढवता-घटवता येणाऱ्या नियंत्रणाचा) एक अरुंद पट्टा थोडा वाढवून ९० ते १२० हर्ट्झमध्ये हळूहळू फिरवा, जिथे गिटार घुमू लागेल तिथे थांबा आणि तेवढाच पट्टा ६ ते ९ डेसिबल खाली आणा. मग २०० च्या आसपास तसंच करा. सगळा बेस उतरवला तर ८२ हर्ट्झच्या खुल्या ‘ई’ (E) सुरापासून पुढच्या सगळ्या जाड तारांचा जीव जातो, अरुंद कटमध्ये एखाद्या सुराला थोडी झळ बसते. ८० च्या खालचं मात्र निर्धास्त कापावं, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तिथे गिटारचा सूरच नसतो.

घुमणं आपोआप मारणाऱ्या पेट्यांची जाहिरात जोरात असते. बरीच यंत्रं एकसारखा टिकणारा सूर शोधून तो कापतात, आणि तानपुरा किंवा बासरीचा लांब सूरही त्यांना घुमाराच वाटू शकतो. भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९६४ मध्ये वेगळा मार्ग मांडला होता: प्रत्येक फेऱ्यात आवाज ५ हर्ट्झने सरकवायचा, म्हणजे एकाच सुरावर ढीग साचणार नाही. भाषणाला ही युक्ती चालते. गिटारच्या १०० हर्ट्झला ५ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर, आणि सगळे सूर सारख्याच ५ हर्ट्झने सरकल्याने सप्तकांचं दुपटीचं नातंही मोडतं. मॉनिटर काढून कानात इन-इअर घालणं त्यापेक्षा सरळ, कारण फेऱ्यातला सगळ्यात जवळचा स्पीकरच निघून जातो. तेवढं बजेट नसेल तर मॉनिटर दुप्पट अंतरावर सरकवावा, त्यातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि गिटारचा टॉप त्याच्याकडे तोंड करून न धरता थोडा तिरका धरावा.