ऑनलाइन अध्यापन सुरू होते; टिकते कशामुळे?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि छत्रपती संभाजीनगरपासून किनवटपर्यंतच्या महाविद्यालयांतील प्राध्यापक मोबाइलसमोर बसून तास घेऊ लागले. एवढ्यावरून शिक्षणात ‘डिजिटल क्रांती’ झाल्याचा जो डांगोरा पिटला गेला, तो घाईचा होता. कारण नाइलाजाने स्वीकारणे आणि आपखुशीने चालू ठेवणे यांची कारणे निरनिराळी असतात.

नवी गोष्ट लोक का स्वीकारतात, याच्या अभ्यासाची मुळे शेतात सापडतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा समाजशास्त्रज्ञ रायन आणि ग्रॉस यांनी केलेला अभ्यास 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील शेतकरी आधी थोड्या क्षेत्रात पेरून पाहत; सोयाबीनचे नवे वाण आपल्याकडेही असेच आधी काही गुंठ्यांत जोखले जाते. पुढे 1989 मध्ये संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाच्या संदर्भात स्वीकार दोन धारणांशी जोडला: हे आपल्या उपयोगाचे आहे का, आणि ते सहज जमेल का.

टिकण्याचे गणित मात्र पहिल्या वापरानंतर सुरू होते. बँकेची ऑनलाइन सेवा वापरणाऱ्या ग्राहकांचा अभ्यास करून अनोल भट्टाचार्जी यांनी 2001 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, माणूस आपली आधीची अपेक्षा प्रत्यक्ष अनुभवाशी ताडून पाहतो. अपेक्षा खरी ठरली की समाधान आणि उपयुक्ततेची जाणीव दोन्ही वाढतात, आणि वापर चालू ठेवण्याचा इरादा या दोहोंवर ठरतो. म्हणजेच अनुभव तोच असला, तरी अपेक्षा फुगवलेली असेल तर समाधान घटते. ‘स्मार्ट’ वर्गाच्या उद्घाटनात जादूची आश्वासने देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

समजा, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीवर पाच प्रश्नांची चाचणी ठेवली. रात्री अहवाल उघडताच दिसते की, तिसऱ्या प्रश्नात निम्म्या वर्गाने ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांची अदलाबदल केली आहे. दुसऱ्या दिवशीचा तास तेथूनच सुरू होतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा न तपासता मिळालेली ही माहिती अपेक्षा खरी ठरवते.

अडचण अशी की, प्रश्नसंच रचणे, मराठी टंकन, समीकरणे बसवणे हा सारा खर्च पहिल्याच सत्रात येतो, तर तोच संच पुन्हा वापरण्याचा फायदा पुढच्या वर्षी मिळतो. पहिल्या सत्रातील हे तास कार्यभारात धरले गेले नाहीत, तर फायदा हाती येण्याआधीच चाचण्या बंद पडतात.