शब्द द्या, कविता घ्या

'पाऊस', 'उंबरठा' असा एखादा शब्द द्यायचा आणि ज्याने त्याने त्यावर कविता करायची, हा उपक्रम आज शाळेच्या वर्गापासून कविमंडळांपर्यंत सगळीकडे चालतो. त्याचं मूळ विचारलं की उत्तर ठरलेलं: समस्यापूर्ती. ते मला अर्धंच पटतं.

समस्यापूर्ती, म्हणजे दिलेल्या तुकड्यावरून श्लोक पुरा करणं, जुनी खरीच. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत 'काव्यसमस्यापूरण' आहे. पण तिथे बहुधा श्लोकाचा शेवटचा चरणच हाती पडायचा, तोही मुद्दाम कोड्यात टाकणारा. 'शतचन्द्रं नभस्तलम्' ही गाजलेली समस्या घ्या. आभाळात शंभर चंद्र आणायचे कुठून? कवीने ते चाणूराच्या डोळ्यांपुढे आणले: कृष्णाचा तडाखा बसला आणि मल्लाला शंभर चंद्र दिसले. आपल्याकडे अशा वेळी काजवे चमकतात, इतकाच फरक.

सुटे शब्द देण्याची रीत सापडते ती अवधानात, म्हणजे भर सभेत कवीच्या स्मरणाची आणि शीघ्रकवित्वाची कसोटी पाहणाऱ्या खेळात, विशेषतः तेलुगू अवधानात. नाव दत्तपदी. पृच्छक, म्हणजे प्रश्न घालणारा, चार शब्द आणि एक विषय देतो. अवधानी, म्हणजे उत्तर देणारा कवी, तिथल्या तिथे पद्य रचून प्रत्येक चरणात एकेक शब्द गुंफतो. शब्दांचा विषयाशी मेळ बसू नये, हीच पृच्छकाची खटपट. समजा, विषय भारतयुद्धाचा आणि शब्द 'कार', 'बस'. मराठीत सुटका अशी: धनुष्याचा टणत्कार झाला, कर्ण रथात बसला! दिलेला शब्द दुसऱ्याच्या पोटात असा दडवला की सभा खूश.

उर्दूच्या तरही मुशायऱ्यात एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, मिळतो, आणि त्याबरोबर वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) सगळंच ठरून जातं. मराठी गझलकारही तरही लिहितात. दिलेली ओळ शेरात बसवण्याला 'गिरह लावणं' म्हणतात.

या सगळ्या प्रकारांत कवीची परीक्षाच होती. नवख्याने तिथे फिरकू नये.

बदल दिसतो तो १८७४ साली. लाहोरात अंजुमन-ए-पंजाब या संस्थेने उर्दू लेखक मुहम्मद हुसेन आझाद आणि पंजाबच्या शिक्षणखात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉईड यांच्या पुढाकाराने मुशायरे भरवले आणि मिसऱ्याऐवजी नुसता विषय दिला. उर्दू कवी हालींची 'बरखा रुत' ही पावसावरची कविता तिथलीच. योगायोग असा की त्याच वर्षी जपानच्या सम्राटाने नववर्षाच्या दरबारी काव्यसभेसाठी सामान्य लोकांकडूनही कविता स्वीकारायला सुरुवात केली. ती सभा अजून भरते. २०२४ चा शब्द होता 'वा', म्हणजे सलोखा. २०२५ चा 'युमे', म्हणजे स्वप्न. कविता पाच ओळींची, ५-७-५-७-७ अशा मात्रांची, आणि दिलेल्या शब्दाचं चित्राक्षर तिच्यात आलंच पाहिजे. मग ते जोडशब्दात आलं तरी चालतं.

'दिलेला शब्द कवितेत यायलाच हवा का?' हा आपल्याकडचा नेहमीचा वाद. लाहोरच्या रीतीने गेलं तर नको, टोकियोच्या रीतीने हवाच.