बेकारी साहाय्यासाठी मालकाची मर्जी लागत नाही

नोकरी गेल्यावर कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे साहाय्य जुन्या मालकाने अर्ज पुढे पाठवल्याशिवाय मिळत नाही, हा समज अजूनही टिकून आहे. हे साहाय्य देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तशी अट खरोखरच होती. मात्र २०२० मध्ये ती शिथिल होऊन विमाधारकाला थेट शाखा कार्यालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली, साहाय्य सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले आणि नोकरी गेल्यानंतरची प्रतीक्षाही ९० दिवसांऐवजी ३० दिवसांची झाली. ज्याने नोकरीवरून काढले, त्याच्याच दारी पुन्हा जाण्याच्या संकोचाने कोणीही हा हक्क सोडू नये. साहाय्य कमाल ९० दिवसांचे असते. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्यांना मात्र ते मिळत नाही.